हक्क आपोआप मिळतो, वसुली नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयाने एका तडजोडीला प्राथमिक मंजुरी दिली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातली अँथ्रॉपिक ही कंपनी आणि काही लेखक यांच्यातला तो दावा होता. कंपनीने ‘लिबजेन’सारख्या चोरट्या ग्रंथसाठ्यांतून लाखो पुस्तके उतरवून घेतली होती. तडजोडीची रक्कम ठरली दीड अब्ज डॉलर, म्हणजे पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. जगभरच्या लेखकांनी या बातमीचे स्वागत केले आणि ते योग्यच होते.

पण त्या तडजोडीतली एक अट फार थोड्यांनी नीट वाचली. उतरवलेल्या प्रती ७० लाखांच्या वर होत्या, आणि भरपाईच्या यादीत आलेली पुस्तके सुमारे ४ लाख ८२ हजार. गळालेल्यांत एकाच पुस्तकाच्या दुबार प्रती भरपूर होत्या हे खरे. तरी यादीत येण्यासाठी पुस्तक प्रकाशनापासून पाच वर्षांच्या आत अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसात नोंदलेले असणे आवश्यक होते. शिवाय ती नोंदणी कंपनीने पुस्तक उतरवण्यापूर्वीची, नाहीतर प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आतली असायला हवी होती. ज्या परदेशी लेखकाचे पुस्तक त्याच साठ्यात होते, त्याच पद्धतीने उतरवले गेले होते, पण वॉशिंग्टनच्या दप्तरात नव्हते, त्याला या पैशांतले काही मिळणार नाही. स्वतंत्र दावा लावायला तो मोकळा आहे. अमेरिकेत स्वतंत्र दावा लावणे म्हणजे काय, हे ज्याने तिथल्या वकिलाचे तासाचे दर ऐकले आहेत त्याला सांगायला नको.

मराठीत लिहिणारे, गाणारे, चित्रे काढणारे, फॉन्ट घडवणारे लोक आता जगाच्या बाजारात उतरले आहेत. त्यातल्या ज्यांचे काम भारताबाहेर विकले जाते किंवा विकले जाण्याची शक्यता आहे, त्यांनी परदेशातली, विशेषतः अमेरिकेतली, कॉपीराइट नोंदणी हा धंद्याचा नेहमीचा खर्च मानावा असे मला ठामपणे वाटते. त्याच वेळी ती नोंदणी ज्या नियमामुळे करावी लागते तो नियम अन्यायाचा आहे, आणि त्याचा भार एकट्या लेखकाने वाहू नये. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. कायदा बदलेपर्यंत कायद्यात राहून स्वतःचे हित सांभाळावेच लागते.

आपल्याकडे नोंदणीबद्दलचा सर्वसाधारण समज असा की ‘कॉपीराइट तर आपोआप असतो, नोंदणी कशाला?’ हा समज अर्धा बरोबर आहे. बर्न या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, १९०८ च्या दुरुस्तीनंतर, हे तत्त्व रुजवले की लेखकाचा हक्क कोणत्याही सरकारी सोपस्कारावर अवलंबून नसावा. लिहिले, की हक्क निर्माण झाला. भारत १९२८ पासून या करारात आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा नोंदणी ऐच्छिकच ठेवतो. नोंदणी केली तर ती न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते, एवढेच. यावर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात काही वर्षे घोळ होता. २०१२ च्या एका निकालात म्हटले होते की नोंदणी नसेल तर दावाच चालणार नाही. मार्च २०२१ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या खाद्यतेलाच्या वेष्टनाच्या प्रकरणात सविस्तर कारणे देऊन ते मत चुकीचे ठरवले. भारतात नोंदणीशिवाय दावा करता येतो, मनाईहुकूम मिळू शकतो, नुकसानभरपाईही मागता येते.

याच सवयीने आपण परदेशाकडे बघतो आणि तिथेच घोडे पेंड खाते. सातबारा नावावर असणे वेगळे आणि शेतात घुसलेल्याला बाहेर काढणे वेगळे, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. कॉपीराइटचेही तसेच आहे. हक्क बर्न कराराने दिला; वसुली मात्र ज्या देशात चोरी झाली त्या देशाच्या कायद्याने करायची असते. सगळ्या जगाला लागू पडणारा एक कॉपीराइट, एक न्यायालय, एक दप्तर असे काही अस्तित्वात नाही.

अमेरिकेचा स्वभाव या बाबतीत पहिल्यापासून निराळा आहे. तिथला पहिला कॉपीराइट कायदा १७९० चा. त्यानंतर तब्बल शंभर वर्षे परदेशी लेखकाला तिथे हक्कच नव्हता. इंग्लंडमधली पुस्तके अमेरिकी छापखाने बिनदिक्कत छापत. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये अमेरिकेत गेले तेव्हा त्यांनी जाहीर सभांमधून याबद्दल तक्रार केली आणि तिथल्या वर्तमानपत्रांची टीका ओढवून घेतली. १८९१ मध्ये परदेशी लेखकांना हक्क मिळाला, पण पुस्तकाची जुळणी अमेरिकेतच झाली पाहिजे या अटीवर. ही उत्पादनाची अट वेगवेगळ्या रूपांत १९८६ पर्यंत टिकली. बर्न करारात अमेरिका आली ती थेट मार्च १९८९ मध्ये, म्हणजे भारतानंतर साठ वर्षांनी.

आत आल्यावर अमेरिकेने दार उघडले, पण एक कडी आतून लावून ठेवली. अमेरिकी कृतींना दावा लावण्यापूर्वी नोंदणी सक्तीची. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की नुसता अर्ज करून भागत नाही, ऑफिसचा निर्णय हातात हवा. परदेशी कृतींना या अटीतून सूट आहे. कागदावर बर्न कराराचा मान राखला गेला. पण कायद्याचे कलम ४१२ परदेशी कृतींनाही लागू होते, आणि खरी मेख तिथे आहे. उल्लंघन सुरू होण्यापूर्वी, किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणी केली नसेल, तर तुम्हाला कायद्याने ठरवून दिलेली भरपाई मिळत नाही आणि वकिलाचा खर्चही मिळत नाही.

ही ठरवून दिलेली भरपाई म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलेली चोरी सिद्ध झाली तर दीड लाख डॉलरपर्यंत. ती मागताना आपले नेमके किती नुकसान झाले हे सिद्ध करावे लागत नाही. ती नसेल, तर प्रत्यक्ष नुकसान किंवा चोराने कमावलेला नफा दाखवावा लागतो. आता विचार करा, नाशिकच्या एखाद्या चित्रकर्तीचे चित्र अमेरिकेतल्या एका दुकानदाराने टी-शर्टवर छापले. तिचे नुकसान किती? तिने ते चित्र वापरायला दिले असते तर तिला कदाचित २०० डॉलर मिळाले असते. दोनशे डॉलरसाठी कोणता वकील उभा राहील? आणि वकील उभा राहणार नाही हे दुकानदारालाही माहीत असते. नोंदणी असेल तर त्याच दुकानदाराला पाठवलेल्या पहिल्याच पत्राचे वजन बदलते. बहुतेक प्रकरणे न्यायालयात जातच नाहीत. ती या पत्राच्या वजनावर मिटतात. म्हणून कलम ४१२ तांत्रिक वाटले तरी लहान माणसासाठी तोच कायद्याचा गाभा आहे.

‘आपली कृती परदेशी, मग निदान दावा तरी नोंदणीशिवाय लावता येईल’ या भरवशावरही पूर्ण विसंबू नये. फिनलंडच्या कर्नेल रेकॉर्ड्स या कंपनीने अमेरिकी संगीतकार टिंबालँड यांच्यावर फ्लोरिडात दावा लावला होता. फिनलंडमधल्या एका संगीतकाराची धून उचलल्याचा आरोप होता. जिल्हा न्यायालय म्हणाले, धून इंटरनेटवर आली त्याच क्षणी ती सगळ्या जगात, म्हणजे अमेरिकेतही, प्रकाशित झाली. म्हणून ती अमेरिकी कृती ठरते आणि नोंदणी हवीच. अपिलात, २०१२ मध्ये, वरच्या न्यायालयाने हा तर्क जसाच्या तसा स्वीकारला नाही. पण कृती परदेशी आहे हे दाखवणारा पुरेसा पुरावा फिर्यादीने दिला नाही, असे म्हणत निकाल कायम ठेवला. त्याच्या आधी, २००९ मध्ये, डेलावेअरच्या न्यायालयाने एका स्वीडिश छायाचित्रकाराच्या बाजूने नेमके उलट मत दिले होते: जर्मन संकेतस्थळावर टाकलेली छायाचित्रे म्हणजे अमेरिकेत प्रकाशन नव्हे. अशी दोन मते असताना, आपले गाणे यूट्यूबवर एकाच मिनिटात पुण्यात आणि न्यू जर्सीत ऐकले जात असताना, आपण कोणत्या बाजूला पडू हे आधी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वाजवी आहे. टेक्सासमध्ये मराठी कादंबरी चोरून वाचणार कोण? आपली खरी चोरी तर घरातच होते. टेलिग्रामवर पीडीएफ फिरतात, व्हॉट्सॲपवर अख्खी पुस्तके सणाच्या शुभेच्छांसारखी पाठवली जातात, यूट्यूबवर कोणीही कोणाचीही कथा वाचून टाकतो. त्यासाठी वॉशिंग्टनला पैसे भरून काय साधणार?

हजार प्रतींची आवृत्ती असलेल्या, फक्त महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पुस्तकासाठी अमेरिकी नोंदणीची गरज नाही. तो पैसा मुद्रितशोधनावर खर्च करावा. पण या आक्षेपात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे घरात होणाऱ्या चोरीचे हत्यार बहुतेकदा अमेरिकी असते. यूट्यूब, मेटा, ॲमेझॉन या कंपन्या तक्रार ऐकतात ती प्रामुख्याने अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कायद्याच्या चौकटीत. नोटीस पाठवायला नोंदणी लागत नाही. व्हिडिओ काढला जातो. पण समोरच्याने प्रतिनोटीस दिली, म्हणजे ‘व्हिडिओ चुकीने काढला’ असे लेखी कळवले, की चित्र पालटते. ठरावीक मुदतीत, साधारण दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत, तुम्ही दावा लावल्याचे कळवले नाही तर व्हिडिओ परत वर येऊ शकतो. निर्ढावलेल्या लोकांना हे पाठ असते.

दुसरी गोष्ट अशी की मराठी सर्जनशील काम म्हणजे फक्त कादंबरी नव्हे. लहान मुलांच्या पुस्तकातली चित्रे भाषा ओलांडून जातात. ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण बे एरियातल्या गणेशोत्सवात वाजते, आणि उद्या एखाद्या जाहिरातीच्या मागेही वाजेल. सह्याद्रीतल्या पक्ष्यांची छायाचित्रे जगभरच्या संकेतस्थळांवर छायाचित्रकाराच्या नावाशिवाय फिरतात. मराठी कादंबरीचे इंग्रजी भाषांतर निघाले की ती थेट न्यूयॉर्कच्या बाजारात येते. आणि देवनागरी फॉन्ट! मुंबई-पुण्यातल्या अक्षररचनाकारांनी गेल्या काही वर्षांत देवनागरीला जे रूप दिले आहे ते कोट्यवधी फोनवर दिसते. अमेरिकेत अक्षराच्या वळणाला कॉपीराइट मिळत नाही, पण फॉन्टच्या सॉफ्टवेअरला मिळतो आणि त्याची नोंदणी करता येते. एवढी एक गोष्ट माहीत असणे आणि नसणे यात एका छोट्या फॉन्ट कंपनीचे भवितव्य असू शकते.

खर्च किती येतो? २०२० पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे एका लेखकाची, त्याच्याच मालकीची, एकच कृती असेल तर ऑनलाइन अर्जाला ४५ डॉलर, म्हणजे साधारण ४ हजार रुपये. हक्क प्रकाशकाकडे असतील किंवा लेखक दोन असतील तर ६५ डॉलर. छायाचित्रकाराला एका अर्जात ७५० पर्यंत छायाचित्रे ५५ डॉलरमध्ये नोंदवता येतात. एका अल्बमवरची वीसपर्यंत गाणी ६५ डॉलरमध्ये होतात. इंटरनेटवर लिहिणाऱ्यांसाठीही एक सोय आहे: एकाच लेखकाचे, तीन महिन्यांच्या आत प्रसिद्ध झालेले, पन्नासपर्यंत लेख, कथा किंवा कविता एका अर्जात, ६५ डॉलर. त्यात प्रत्येक मजकूर किमान ५० शब्दांचा असावा लागतो, त्यामुळे चारोळ्या लिहिणाऱ्यांना ही सोय उपयोगाची नाही. भारतात साहित्यकृतीच्या नोंदणीची फी ५०० रुपये आहे. आठपट फरक आहे, पण रक्कम एका पुस्तक प्रकाशन समारंभाच्या हार-तुऱ्यांपेक्षा जास्त नाही.

पैशापेक्षा कठीण आहे ती वेळ. नोंदणीची तारीख म्हणजे अर्ज भरल्याची तारीख नव्हे, प्रमाणपत्र आल्याचीही नव्हे. अर्ज, फी आणि कृतीची प्रत या तिन्ही गोष्टी ज्या दिवशी ऑफिसात पोहोचतात तो दिवस धरला जातो. ई-पुस्तक म्हणूनच निघालेले काम थेट चढवता येते. छापील पुस्तक असेल तर प्रत टपालाने पाठवावी लागते. प्रकाशन समारंभ, परीक्षणे, दिवाळी यांत दोन महिने निघून जातात. मग पार्सल करायचे, ते समुद्रापार जायचे. तिसरा महिना सरला की पुढे होणारी नोंदणी पूर्वी सुरू झालेल्या चोरीपुरती वरातीमागून घोडे ठरते, कारण उल्लंघन एकदा सुरू झाले की ते नंतर चालू राहिले तरी कायदा त्याची सुरुवातच बघतो. म्हणून ज्या प्रकाशकाला पुस्तक बाहेर जाईल असे वाटते त्याने अर्ज प्रकाशनाच्या आठवड्यातच करावा. पुस्तकाचे नाव अर्जात रोमन अक्षरांत लिहावे लागते. तेच स्पेलिंग मुखपृष्ठाच्या मागे, आयएसबीएनच्या नोंदीत आणि ॲमेझॉनवर ठेवावे, नाहीतर पुढे एकाच पुस्तकाची तीन पुस्तके होतात.

भाषांतराबद्दल एक इशारा. इंग्रजी भाषांतराची नोंदणी प्रामुख्याने भाषांतरातल्या नव्या मजकुराला कवच देते. मूळ मराठी कादंबरी वेगळी नोंदवावी. अमेरिकी प्रकाशक आपल्या आवृत्तीची नोंदणी करतोच. मूळ लेखकाच्या बाजूने तेवढा उत्साह कोणी दाखवत नाही. आणि कामात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला भाग असेल तर तो अर्जात सांगावा लागतो. त्या भागावर हक्क मिळत नाही. मुखपृष्ठ आता सर्रास अशा साधनांनी केले जाते, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न असा की नोंदवायचा हक्क नक्की कोणाकडे आहे? इथे मराठी प्रकाशनव्यवहाराने स्वतःकडे पाहायला हवे. आपल्याकडे कित्येक पुस्तके तोंडी बोलीवर निघतात. करार असला तर तो एका पानाचा, आणि त्यात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असे एक वाक्य. आपला १९५७ चा कायदा इथे लेखकाला भक्कम आधार देतो, फक्त तो कोणी वाचत नाही. कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिला असे धरले जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच दिला असे धरले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने हेही घातले की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यवहारात नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याची तरतूदही त्याच वेळची. याचा अर्थ, मुदत-प्रदेश न लिहिलेल्या करारावर पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाकडे अमेरिकेतले हक्क बहुधा नाहीतच. ते लेखकाकडे आहेत, आणि लेखकाला ते ठाऊक नाही. अशा प्रकाशकाने मालक म्हणून वॉशिंग्टनला अर्ज केला तर तो चुकीचा अर्ज होईल. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रामाणिक चुकीमुळे, मग ती वस्तुस्थितीबद्दलची असो की कायद्याबद्दलची, नोंदणी रद्द होत नाही असे सांगितले आहे. पण माहीत असून खोटे लिहिणे वेगळे.

म्हणून परदेशात नोंदणी करायची असेल तर पहिले काम पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून करायचे आहे. कोणते हक्क, किती वर्षे, कोणत्या प्रदेशात, कोणत्या माध्यमात, कोणत्या भाषांत, हे करारात स्वच्छ लिहायचे. परदेशातून रॉयल्टी येऊ लागली की कराचाही प्रश्न येतो. अमेरिका परदेशी लेखकाच्या रॉयल्टीवर ३० टक्के कर कापते. दोन्ही देशांतल्या करारानुसार तो १५ टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरून द्यावा लागतो. फॉर्म न भरल्यामुळे दुप्पट कर देणारे लोक कमी नाहीत.

काही गैरसमज तातडीने दूर व्हायला हवेत, कारण त्यांच्यावर लोकांचा पैसा जातो. ‘आंतरराष्ट्रीय कॉपीराइट प्रमाणपत्र’ विकणाऱ्या खासगी कंपन्यांच्या प्रमाणपत्रामागे कोणत्याही सरकारचे बळ नसते. संहिता स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर एडीने पाठवून पाकीट न उघडता ठेवणे, ही जुनी युक्ती अमेरिकी नोंदणीची जागा घेत नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे केलेली पटकथेची नोंद तारखेचा चांगला पुरावा आहे, तिचा उपयोगही होतो, पण तीही सरकारी नोंदणी नव्हे. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा ‘कॉपीराइट का नाही घेतला?’ असे अनेकांनी विचारले. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, २०१९ पासून, महाराष्ट्र आणि कर्नाटकाला मिळून. तो वेगळा कायदा आहे, आणि तेही मानांकन भारतापुरतेच. एका कारागिराने काढलेले विशिष्ट वारली चित्र मात्र त्याची स्वतःची कलाकृती आहे, आणि तिची नोंदणी अमेरिकेत होऊ शकते. परंपरा आणि एका माणसाची निर्मिती यांत आपण सतत गल्लत करतो, आणि त्यात तोटा त्या माणसाचाच होतो.

बाकी देशांबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये कॉपीराइटची सरकारी नोंदवहीच नाही, त्यामुळे तिथे कोणी नोंदणी करून देतो म्हणाला तर सरळ नकार द्यावा. जर्मनीत निनावी किंवा टोपणनावाच्या कृतींपुरती नोंद होते. चीनमध्ये ऐच्छिक नोंदणी आहे, आणि खेळणी, कापड, पात्रांची चित्रे असा माल ज्यांचा आहे त्यांना तिथल्या बाजारपेठांकडे तक्रार करताना ती उपयोगी पडते. मराठी माणसाच्या बहुतेक कामासाठी भारत आणि अमेरिका या दोन नोंदी पुरतात.

अमेरिकेत लहान दाव्यांसाठी एक चांगली सोय झाली आहे, तीही इथे माहीत हवी. २०२० च्या कायद्याने तिथे कॉपीराइट क्लेम्स बोर्ड स्थापन झाले. जून २०२२ पासून ते काम करते. एकूण फी १०० डॉलर, वकील सक्तीचा नाही, सुनावणी ऑनलाइन, भरपाईची कमाल मर्यादा ३०,००० डॉलर. परदेशी लेखक तिथे दावा लावू शकतो, फक्त प्रतिवादी अमेरिकेतला हवा, आणि प्रतिवादी साठ दिवसांत बाहेर पडू शकतो हा मोठा दोष आहे. पण इथे परदेशी कृतीलाही सूट नाही. निदान नोंदणीचा अर्ज केलेला हवाच. प्रतिनोटीस आल्यावर यूट्यूबला दाखवायला इथला दावाही चालतो. ज्या चित्रकर्तीचे उदाहरण वर दिले तिच्यासाठी हा मार्ग खरोखर खुला आहे, तिने ४५ डॉलरचा अर्ज केला असेल तर.

मग हा खर्च, ही धावपळ कोणी करायची? एकट्या लेखकाने, असे मला वाटत नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मे २०२५ मध्ये मुंबईत वेव्हज परिषद भरली आणि भारताची सर्जनशील अर्थव्यवस्था जगात नेण्याची भाषा झाली. राज्याने ॲनिमेशन, गेमिंग आणि दृश्यपरिणामांसाठी धोरण मंजूर केले. या सगळ्यात निर्मितीसाठी पैसा आहे, जागा आहे, परिषदा आहेत. निर्माण झालेल्या कामाची मालकी परदेशात टिकवण्याचा विचार जवळपास नाही. राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य आणि संस्कृती मंडळ यांनी मनावर घेतले तर वर्षाला काहीशे निवडक कृतींची अमेरिकी नोंदणी करून देणारा एक कक्ष चालवणे अवघड नाही. त्याला लागतील दोन जाणकार माणसे, एक इंग्रजी-मराठी नमुना करारपत्र आणि पुस्तके वेळेत वॉशिंग्टनला पाठवणारी टपालाची व्यवस्था. प्रकाशकांच्या संघटनांनीही हे करावे. दहा प्रकाशक एकत्र आले तर एका माणसाच्या पगारात सगळ्यांचे काम होईल. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत वकील आहेत, ग्रंथपाल आहेत. अधिवेशनात नाटके आणि गाणी बोलावताना त्या कलाकारांच्या अर्जांना हातभार लावावा, एवढी अपेक्षा फार नाही.

आणि दिल्लीने काय करावे? अमेरिकेचे व्यापार खाते दरवर्षी ‘स्पेशल ३०१’ अहवाल काढते आणि बौद्धिक संपदेच्या बाबतीत भारताला प्राधान्याने नजर ठेवण्याच्या यादीत घालते. २०२५ मध्येही घातले. आपण त्यावर खुलासे देत बसतो. पण कलम ४१२ वर आपण कधी बोट ठेवतो का? अमेरिकेचा बचाव असा की हक्क मिळायला आणि तो बजावायला आम्ही अट घातलेली नाही, फक्त भरपाईच्या एका प्रकाराला घातली आहे. हा बचाव मला पटत नाही. भरपाईचा जो एकच प्रकार लहान लेखकाला परवडतो, त्यालाच अट घातली तर हक्क बजावायलाच अट घातली.

असा आग्रह धरणे हास्यास्पद नाही, याचा दाखला आहे. आयर्लंडच्या संगीतकारांच्या संस्थेने तक्रार केली होती की अमेरिकेतली हॉटेले आणि दुकाने कायद्यातल्या एका सवलतीमुळे रेडिओवरची गाणी फुकट वाजवतात. युरोपीय संघाने ती तक्रार जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि २००० मध्ये निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. अमेरिकेने कायदा बदलला नाही, पण तीन वर्षांपोटी ३३ लाख डॉलर मोजले. आयर्लंडची लोकसंख्या तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास होती. भारत-अमेरिका व्यापाराच्या वाटाघाटींत डेअरी आणि सोयाबीन यांवर जेवढे बोलले जाते, त्याच्या शंभरावा भाग तरी लेखक-कलावंतांच्या या तीन महिन्यांच्या अटीवर बोलले जावे. परदेशी कृतींसाठी मुदत तीन महिन्यांऐवजी एक वर्ष करा, किंवा आपल्या देशातली नोंदणी ग्राह्य धरा, एवढी साधी मागणीही टेबलावर ठेवता येईल. दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसातली ५०० रुपयांची नोंद मग अमेरिकेतही चालेल, आणि वॉशिंग्टनला पार्सल पाठवायची गरज उरणार नाही.